सकाळी पास, बुटीबोरीत नापास: हिंगण्यातल्या एका ग्रॅनाइट सरफेस प्लेटचं प्रकरण

मागच्या उन्हाळ्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचा माल पार्टीकडून, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीकडून, परत यायला लागला. माल म्हणजे ग्राइंड केलेल्या स्टीलच्या गाइड पट्ट्या: ७५० मिमी लांब, ६० रुंद, ४० जाड. वरच्या पृष्ठाचा लांबीतला सरळपणा ०.००८ मिमीच्या, म्हणजे ८ मायक्रॉनच्या आत हवा होता. शॉपच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर आकडा होता ४ ते ५ मायक्रॉन. बुटीबोरीतली पार्टी त्याच पट्ट्या आपल्या थंड खोलीत सीएमएमवर (बिंदूंना स्पर्श करून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवून सांगत होती की मध्ये ११ मायक्रॉनचा खळगा आहे.

दोन्हीकडच्या मोजमापात एखाद-दोन मायक्रॉनचा फरक कुणीही समजून घेतो. सहा-सात मायक्रॉनचा फरक पडला की एकमेकांवर बोट दाखवणं सुरू होतं. इथेही तेच झालं. शॉपच्या मालकांना वाटलं की पार्टी पैसे अडवायला बघते आहे. पार्टीला वाटलं की शॉपवाले न मोजताच रिपोर्ट भरतात. मग परत आलेल्या पट्ट्यांच्या तपासणी चिठ्ठ्या कुणीतरी एकत्र लावल्या आणि त्यातून आणखी एक गोष्ट निघाली: परत आलेली जवळजवळ प्रत्येक पट्टी सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान तपासलेली होती. संध्याकाळी तपासलेल्या पट्ट्यांत नापास होणाऱ्या पट्ट्या शॉपमध्येच पकडल्या जात होत्या.

सकाळची तपासणी आयटीआय झालेली एक मुलगी करायची, संध्याकाळची शॉपमधले जुने काका. निष्कर्ष काढायला कुणाला वेळ लागला नाही. मला बोलावलं तेव्हा मालकांनी सांगितलेलं काम होतं, 'तिला डायल कसा वाचायचा ते एकदा नीट शिकवून द्या.' ती मुलगी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, 'सर, मी काय चुकून राहिले ते तरी सांगा. काकांनी दाखवलं तसंच करते मी.'

तिची पद्धत मी पाहिली. त्यात काढण्यासारखी एकही खोट नव्हती. पट्टी थेट सरफेस प्लेटवर (माप घेताना आधार धरायच्या सपाट दगडी लादीवर) न ठेवता ती दोन सारख्या उंचीच्या स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या स्टीलच्या ठोकळ्यांवर, टेकवायची, आणि स्लिप गेज दोन्ही टोकांपासून सुमारे १६५ मिमी आत. ही जागा मनाने ठरवलेली नाही. पट्टी लांबीच्या सुमारे २२ टक्के आत टेकवली की स्वतःच्या वजनाने येणारा झोल कमीत कमी राहतो, या आकाराच्या पट्टीला तो पाव मायक्रॉनच्या आसपास असतो. तीच पट्टी अगदी टोकांवर टेकवली तर मधला झोल ११ मायक्रॉनपर्यंत जातो. चाळीस मिमी जाडीचं स्टील स्वतःच्या भाराने एवढं वाकतं हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण तुळईचं साधं सूत्र लावून कुणीही ताडून पाहावं. म्हणून माझा पहिला संशय तिथेच होता, आणि तो लगेच फिटला. शॉपमध्ये आणि पार्टीकडे, दोन्ही ठिकाणी टेकू योग्य जागी होते.

पुढचं तिचं काम असं: एक मायक्रॉन अल्पतम मापाचा लिव्हर डायल स्टँडला लावायचा, स्टँड प्लेटवरून पट्टीच्या बाजूने सरकवत न्यायचा, दोन्ही टोकांना शून्य मिळवून मधले आकडे लिहायचे. तिने लिहिलेले आकडे मी मोजलेल्या आकड्यांशी अर्ध्या मायक्रॉनच्या आत जुळले. सकाळी दहा वाजता मधला खळगा ४.५ मायक्रॉन. तीच पट्टी, तेच टेकू, कुणी हात लावू नये म्हणून तशीच ठेवून दिली. संध्याकाळी सहाला तिनेच पुन्हा वाचलं: ९.५.

म्हणजे वाचणारी बदलली नव्हती, डायल बदलला नव्हता, पट्टीही जागची हलली नव्हती. तिच्याबद्दलचा प्रश्न इथे संपला आणि मी मालकांना तसं लगेच सांगितलं. दुकानात मोजमापाचा वाद झाला की सगळ्यात आधी सगळ्यात कनिष्ठ माणसाच्या हाताकडे बोट जातं, आणि नंतर खरं कारण सापडलं तरी तो डाग पुसायचं राहून जातं. म्हणून हे आधी सांगायचं.

पट्टी की प्लेट

मधल्या काळात शॉपने बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या होत्या. ग्राइंडिंग व्हील बदललं, ड्रेसिंग वाढवलं, पट्टी धरून ठेवणारा मॅग्नेटिक चक पुन्हा ग्राइंड केला. पट्ट्या खरोखर मध्ये खोलगट निघत होत्या याचं कारण ग्राइंडिंगमध्येच होतं यात शंका नाही. व्हीलच्या उष्णतेने पट्टीचा वरचा थर फुगतो, मधला भाग वर येतो आणि तिथलं धातू जास्त कापलं जातं. पट्टी थंड झाली की तिथे खळगा उरतो. कूलंट वाढवून आणि शेवटचे पास हलके घेऊन तो कमी करता येतो, आणि तो पुढे कमी केलाही. पण आपला प्रश्न वेगळा होता: खळगा आहे, तर सकाळी तो दिसत का नाही?

एक चाचणी शॉपने आधीच केली होती आणि तिच्या निकालामुळे सगळे चुकीच्या बाजूला वळले होते. पट्टीची टोकं अदलाबदल करून पाहिली, आकडा तोच आला. त्यावरून त्यांनी ठरवलं की दोष पट्टीचाच, प्लेट निर्दोष. ही चाचणी चांगली आहे, पण ती तिरकेपणा पकडते. प्लेट एका बाजूला उंच असेल तर टोकं फिरवल्यावर आकडा चिन्ह बदलतो. प्लेट मध्ये खोल आणि दोन्ही बाजूंना सारखी चढती असेल, तर पट्टी कितीही वेळा फिरवा, मधला आकडा जागचा हलत नाही. सममित चूक या चाचणीतून निसटते.

शॉप फ्लोअरवर एक जुनी बिडाची सरफेस प्लेट होती, स्क्रेपरने खरडून सपाट केलेली, कडांना थोडी मार लागलेली, पण मधला पट्टा बरा. तीच पट्टी तिथे सकाळी मोजली तर साडेदहा, संध्याकाळी अकरा. पार्टीच्या आकड्याच्या शेजारी.

आता नजर ग्रॅनाइटवर वळली. काळा ग्रॅनाइट, १००० × ६३० × १५० मिमी, वजन पावणेतीनशे किलोच्या वर. जानेवारीत कॅलिब्रेशन झालेलं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला भिंतीवर लावलेला: एकूण सपाटपणा ५.४ मायक्रॉन, अचूकतेचा दर्जा ग्रेड ०. काकांचं म्हणणं होतं, 'दगडाला काय होते साहेब? लोखंड असतं तर गोष्ट वेगळी.'

हा समज मला जवळजवळ प्रत्येक दुकानात भेटतो, आणि त्याला थोडा आधारही आहे. ग्रॅनाइट गंजत नाही. त्यावर काही पडलं तर टवका उडतो, पण बिडासारखी वर उचललेली बर (धातूची कड) येत नाही, त्यामुळे शेजारच्या मापाला धक्का लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अमेरिकेतल्या डेटन शहरात धातूच्या टंचाईमुळे दगडाच्या प्लेट पहिल्यांदा वापरात आल्या आणि या गुणांमुळेच टिकल्या. ग्रॅनाइट उष्णतेने वाढतोही कमी: एका अंशाला मीटरमागे सहा-सात मायक्रॉन, बीड अकराच्या आसपास.

पण प्लेटचा आकार किती बिघडेल हे नुसत्या प्रसरणावर ठरत नाही. संपूर्ण दगड सारखाच तापला तर तो थोडा मोठा होतो, सपाट तसाच राहतो. आकार बिघडतो तो वरचा पृष्ठभाग आणि खालचा पृष्ठभाग यांच्या तापमानात फरक पडला की. आणि इथे दगडाचा दुसरा गुण आड येतो: त्यातून उष्णता फार हळू वाहते. बिडाची उष्णतावाहकता सुमारे ५०, या दगडाची दोन-तीन. बिडाच्या वरच्या बाजूला गार हवा लागली तर खालची उष्णता लगेच वर धावून फरक भरून काढते. दगडात ती अडकून बसते. सारख्या जाडीचे दोन ठोकळे घेतले आणि दोघांच्या वरच्या बाजूने सारखीच उष्णता काढून घेतली, तर दगड बिडापेक्षा सुमारे दहापट जास्त वाकेल. प्रसरण कमी असूनही.

हिशोब अवघड नाही. प्लेट किती वाकते ते काढायला प्रसरणांक, वर-खालच्या तापमानातला फरक आणि लांबीचा वर्ग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला जाडीच्या आठपटीने भागायचं. या प्लेटला, वर आणि खाली फक्त एक अंशाचा फरक असेल तर १००० मिमी लांबीत मध्ये सुमारे ५.४ मायक्रॉन. ग्रेड ० ची सगळी ६ मायक्रॉनची परवानगी एका अंशात संपत आली. कर्णावर मोजलं तर साडेसात.

वरचा भाग गरम असेल तर प्लेट मध्ये फुगते. गार असेल तर कडा उचलल्या जातात आणि मध्ये खळगा पडतो, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडाचा वरचा थर आधी आक्रसून कडा वळतात तसा.

नवी खोली

मग ही प्लेट कुठे ठेवली आहे ते नीट पाहिलं. एप्रिलमध्ये मालकांनी चांगल्या हेतूने खर्च केला होता. शेडच्या कोपऱ्यात पार्टिशन टाकून वेगळी इन्स्पेक्शन रूम काढली, एसी बसवला. त्याआधी प्लेट उघड्या शेडमध्ये होती. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश आणि वर पत्रा, तिथे मायक्रॉनची भाषा करण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे खोली करण्याचा निर्णय योग्यच होता.

पण एसी रात्री बंद. रात्रभरात खोली आणि दगड दोन्ही तीसच्या जवळ जात. सकाळी साडेआठला एसी सुरू, गार झोत थेट प्लेटच्या पृष्ठावर. खोलीतला थर्मामीटर तासाभरात २३ दाखवू लागे आणि तपासणी सुरू होई. दगडाचा खालचा भाग मात्र अजून रात्रीतच असे. त्यात भर म्हणजे स्टँडच्या चारी बाजूंना पत्रे लावून खाली गेज ठेवायचं कपाट केलं होतं. जागा वाचली, पण प्लेटच्या पोटाखाली गरम हवा कोंडली गेली.

पृष्ठाला चिकटवायचे दोन सेन्सर आणले. एक वर, एक पोटाला, दोन्ही मधोमध. सकाळी दहा वाजता वर २४.१, खाली २६.३. फरक २.२ अंश. संध्याकाळी सहाला फरक उरला ०.५.

आता पट्टीच्या ७५० मिमी लांबीवर हिशोब. एका अंशाला सुमारे ३ मायक्रॉन, म्हणून सकाळी प्लेटचा खळगा ६.७, संध्याकाळी दीड. डायलचा स्टँड प्लेटवरून चालतो. मध्ये प्लेट ६.७ मायक्रॉन खाली गेली की स्टँड तेवढाच खाली जातो, आणि पट्टीचा मधला भाग डायलला तेवढाच उंच भासतो. पट्टीचा खरा खळगा ११, त्यातून ६.७ वजा, उरले ४.३. मुलीने वाचलं होतं ४.५. संध्याकाळी ११ वजा दीड, साडेनऊ. तेच आलं होतं.

हे आकडे इतके जुळले की मलाच थोडी शंका आली. दगडातलं तापमान सरळ रेषेत उतरत नाही, प्रसरणांकही खाणीनुसार बदलतो, त्यामुळे दहा-वीस टक्के इकडे-तिकडे व्हायला हवं होतं. म्हणून प्लेट स्वतंत्रपणे मोजायची ठरवली.

आठ रेषा

सरफेस प्लेट मोजायची दुकानात जमणारी रीत १९५५ साली अमेरिकेतल्या जे. सी. मूडी यांनी मांडली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. प्लेटवर आठ रेषा आखायच्या: दोन कर्ण, चार कडा, दोन मध्यरेषा. प्रत्येक रेषेवर इलेक्ट्रॉनिक लेव्हल ठराविक पावलांनी सरकवायची. लेव्हल उंची सांगत नाही, उतार सांगते. पाऊल १०० मिमीचं असेल आणि लेव्हलने मीटरला एक मायक्रॉन उतार दाखवला तर त्या पावलात चढ ०.१ मायक्रॉन. असे उतार जोडत गेलं की रेषेचा उंच-सखलपणा मिळतो, आणि आठ रेषा एकमेकींना बांधल्या की सगळ्या प्लेटचा नकाशा. शेजारी दुसरी लेव्हल स्थिर ठेवायची, म्हणजे जमिनीची हालचाल वजा होते. शेडमध्ये प्रेस चालू असेल तर ही दुसरी लेव्हल हवीच.

या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ती स्वतःची चूक स्वतः दाखवते. प्लेटच्या मध्यबिंदूची उंची कर्णांवरून एक मिळते आणि मध्यरेषांवरून दुसरी. दोन्ही उत्तरं सारखी यायला हवीत. फार वेगळी आली तर मोजणी फुकट, पुन्हा करा.

सकाळी नऊला सुरू केलेल्या मोजणीत मध्यबिंदूवर ३ मायक्रॉनची तफावत आली. लेव्हल ठीक होती, पाय स्वच्छ होते. आठ रेषा होईपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला होता आणि तेवढ्या वेळात दगड आकार बदलत होता: कर्ण एका आकाराचे, मध्यरेषा दुसऱ्या. संध्याकाळी साडेसहाला, झोत बंद करून, तीच मोजणी केली तेव्हा तफावत ०.७ वर आली. वर-खालच्या तापमानाबरोबर दगड हलतो याची ही माझ्या लेखी सर्वांत भक्कम साक्ष, कारण इथे पट्टी, डायल, स्लिप गेज काहीच मध्ये नव्हतं.

संध्याकाळच्या त्या चांगल्या मोजणीतही एकूण सपाटपणा ७ मायक्रॉन निघाला, दाखल्यापेक्षा दीडेक जास्त. त्याचं कारण खाली वाकल्यावर दिसलं. स्टँडला पाच स्क्रू होते. या आकाराच्या प्लेटला टेकू तीनच असतात, एका बाजूला दोन आणि समोर मध्ये एक, आणि लॅपिंग (बारीक भुकटीने घासून सपाट करणं) होतं तेही याच तीन बिंदूंवर ठेवून. उरलेले दोन स्क्रू प्लेट कलंडू नये म्हणून असतात, ते दगडाला टेकायचे नसतात. प्लेट नव्या खोलीत हलवताना ती डुगडुगू नये म्हणून कुणीतरी पाचही स्क्रू पान्याने आवळले होते. एवढा जाड दगडही टोकांवर टेकवला तर स्वतःच्या वजनाने मध्ये सुमारे अडीच मायक्रॉन झुकतो. कोपऱ्यातून स्क्रूने उचलला तर पिळही पडतो.

दोन्ही जादा स्क्रू सोडवून कागद सरकेल एवढी फट ठेवली, तीन टेकूंवर प्लेट समपातळीत आणली आणि रात्रभर तशीच सोडली. दुसऱ्या संध्याकाळी सपाटपणा ५.८.

दाखल्यात काय होतं

मालकांचा राग आता प्रयोगशाळेकडे वळला. तो अनाठायी होता. दाखला खोटा नव्हता, जानेवारीचा होता. नागपुरात जानेवारीत शेडच्या आत एसी लागत नाही, दगड वर-खाली सारखा. तेव्हा प्लेट जशी होती तशी लिहिली गेली. नंतर जागा बदलली, टेकू बदलले, ऋतू बदलला. मोठी प्लेट हलवली की जुना दाखला त्या जागेपुरता संपतो, आणि हे दाखल्यावर छापलेलं नसतं.

तरी दाखल्यात दोन गोष्टी असायला हव्या होत्या. प्लेटचं वर-खालचं तापमान लिहिलं नव्हतं, फक्त खोलीचं होतं. आणि जागोजागचा सपाटपणा मोजला नव्हता, फक्त एकूण आकडा होता.

या दुसऱ्या गोष्टीवर मी थोडा अडून राहतो. एकूण सपाटपणा म्हणजे प्लेटचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल बिंदू ज्या दोन समांतर प्रतलांत मावतात त्यांच्यातलं अंतर. हे अंतर ६ मायक्रॉन असलेल्या दोन प्लेट घ्या. एकीत ते मीटरभर लांबीत अलगद पसरलेलं आहे. हाइट गेजचा (प्लेटवर उभं करून उंची मोजायच्या साधनाचा) १०० मिमीचा पाया तिथे कुठेही ठेवा, पायाखालची वक्रता एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून कमी. दुसरीत तेच सहा मायक्रॉन एका हातभर जागेतल्या झिजेत साठले आहेत. पाया त्या उतारावर गेला आणि १०० मिमीत २ मायक्रॉन कलला, आणि डायलचा हात २०० मिमी पुढे निघालेला असला, की टोकाला ४ मायक्रॉनची चूक. दाखल्यावर दोन्ही प्लेट सारख्याच दिसतील.

म्हणून आयएसओ ८५१२-२ हे मानक एकूण मर्यादेबरोबर कुठल्याही २५० × २५० मिमी भागासाठी वेगळी मर्यादा देतं: ग्रेड ० ला ३.५ मायक्रॉन, ग्रेड १ ला ७. ते तपासायला रिपीट रीडिंग गेज लागतं, मागे स्थिर पाय आणि पुढे लवचीक पट्टीवर डायल असलेलं. ते प्लेटवर फिरवत न्यायचं आणि काटा किती हलतो ते पाहायचं. अर्ध्या तासाचं काम. आमच्या प्लेटवर बहुतेक ठिकाणी काटा दीड-दोन मायक्रॉनच्या आत राहिला. पुढच्या उजव्या कोपऱ्याजवळ, जिथे बसायचं स्टूल असतं आणि वर्षानुवर्षं हाइट गेज त्याच जागी मागे-पुढे होतो, तिथे काटा ४ मायक्रॉन हलला. या एका कोपऱ्यापुरती प्लेट ग्रेड ० राहिलेली नव्हती.

ग्रेडचा गोंधळ इथेच सांगतो, कारण खरेदीच्या वेळी तो महागात पडतो. याच आकाराच्या प्लेटला जर्मन डीआयएन ८७६ प्रमाणे ग्रेड ० ची मर्यादा ८ मायक्रॉन येते: मीटरमधल्या लांबीत १ मिळवायचा आणि ४ ने गुणायचं. आयएसओप्रमाणे ग्रेड ० ची मर्यादा ६, कारण तिथे सूत्रच वेगळं आहे आणि त्यात लांबीऐवजी कर्ण धरतात. भारतीय मानक आयएस ७३२७ आहे. अमेरिकन कागदपत्रांत ग्रेड एए, ए, बी असतात आणि त्यांचं गणित आणखी वेगळं. त्यामुळे नुसतं 'ग्रेड ०' लिहिलेली ऑर्डर अपुरी. मानकाचा क्रमांक आणि मायक्रॉनमधला आकडा दोन्ही लिहून मागावं. आमचे ५.८ आयएसओच्या ६ मध्ये बसतात खरे, पण मोजणीची अनिश्चितता मायक्रॉनभर धरली तर छातीठोकपणे ग्रेड ० म्हणता येत नाही, आणि मी तसं लिहून दिलं नाही.

काय बदललं

पहिला प्रस्ताव मालकांचाच होता: प्लेट लॅप करून टाकू. मी थांबवलं. मे महिन्यात, वर-खाली दोन अंशांचा फरक असताना कारागीर प्लेट लॅप करतो तेव्हा तो वाकलेला दगड सपाट करतो. दगड सरळ झाला की ती सपाटी उलट्या बाजूने वाकते, आणि आता ती कायमची कोरलेली असते. आवळलेल्या पाच स्क्रूंवर लॅपिंग केलं तरी तेच. आधी टेकू, मग तापमान, मग लॅपिंग, हा क्रम मोडला की पैसे जाऊन दोष पक्का होतो.

स्टँडचे पत्रे काढले, गेजचं कपाट भिंतीला गेलं. एसीच्या तोंडाशी ॲक्रिलिकचा आडोसा लावून झोत छताकडे वळवला. खोली २० अंशांवर आणायचा हट्ट सोडला, यावर थोडा वाद झाला. लांबीच्या मापासाठी २० अंश हे प्रमाण तापमान आहे हे खरं, पण या पट्ट्यांची तपासणी आकाराची आहे, आणि उंची मोजायची तेव्हा स्टीलच्या जॉबची तुलना स्टीलच्या स्लिप गेजशी होते, दोघं सारखेच वाढतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली २० अंश धरून ठेवण्यापेक्षा २६ अंश चोवीस तास धरून ठेवणं छोट्या शॉपला परवडतं. वर-खाली एकसारखे २६ असलेला दगड सपाट असतो. वर २२ आणि खाली २५ असलेला नसतो.

रात्री एसी चालू ठेवायचा म्हटल्यावर बिलाचा प्रश्न आला. त्यावर तोडगा निघाला तो त्या मुलीकडून. तिने सुचवलं की सेन्सर कायमचे चिकटवून ठेवू आणि फरक अर्ध्या अंशाच्या वर असेल तेव्हा लांब पट्ट्या तपासायच्याच नाहीत, लहान ब्लॉक तपासायचे. हिशोबाने हे बरोबर बसतं: अर्ध्या अंशाला ७५० मिमीवर दीड मायक्रॉन, आठच्या मर्यादेत तेवढं सोसतं. २०० मिमीच्या ब्लॉकला त्याच अर्ध्या अंशाची चूक ०.१ मायक्रॉन, विचारात घ्यायचीही गरज नाही. आता तपासणी चिठ्ठीवर वेळेशेजारी दोन रकाने आहेत, वरचं तापमान आणि खालचं. एसी रात्री २८ वर चालतो, सकाळी हळूहळू खाली आणतात.

पुसायच्या फडक्याबद्दलही सांगावं लागलं. प्लेट सकाळी ओल्या फडक्याने पुसून लगेच मोजायला घ्यायचे. पाणी किंवा थिनर उडून जाताना पृष्ठावरची उष्णता घेऊन जातं, म्हणजे वरचा थर पुन्हा गार. पुसल्यावर तासभर तरी थांबायचं. शेजारच्या ऑफिसमधल्या कूलरची दमट हवा खोलीत येणारी फटही बुजवली.

पुढच्या उजव्या कोपऱ्याभोवती पिवळी टेप लावली आहे. तिथे स्लिप गेजची पेटी ठेवतात, माप घेत नाहीत. हाइट गेज दर महिन्याला वेगळ्या भागात वापरायचा असं ठरलं, म्हणजे झीज एकाच जागी साठणार नाही. लॅपिंग दिवाळीनंतर जागेवरच करून घ्यायचं आहे, तीन टेकूंवर, आणि कामाच्या ऑर्डरमध्ये लिहून: आयएसओ ८५१२-२ प्रमाणे ग्रेड ०, एकूण ६ मायक्रॉन, २५० मिमी चौकोनात ३.५, लॅपिंगआधीचा आणि नंतरचा नकाशा, मध्यबिंदूची तफावत, प्लेटचं वर-खालचं तापमान आणि मोजणीची अनिश्चितता. एका प्रयोगशाळेने यातल्या तापमानाच्या अटीवर नाक मुरडलं. दुसरीने विचारलं, सेन्सर तुमचे वापरू की आमचे. काम दुसरीला जाईल.

परत आलेल्या पट्ट्या संध्याकाळी पुन्हा मोजल्या. बऱ्याच पट्ट्यांत जाडीची सवलत शिल्लक होती, त्या हलक्या पासने पुन्हा ग्राइंड होऊन बुटीबोरीला गेल्या आणि स्वीकारल्या गेल्या. काही जाडीत आधीच खालच्या मर्यादेवर होत्या, त्या भंगारात. पार्टीने पुढच्या लॉटसाठी एक अट घातली की रिपोर्टच्या प्रतीवर ते दोन तापमानाचे रकानेही दिसले पाहिजेत. रिपोर्टवर सही त्या मुलीची असते.